गाडीखालचं फूल

नंदुरबारच्या भर बाजारात चार मजली मॉल उघडला, त्याला तीन महिने झाले तरी मी आत पाऊल टाकलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. रोज जाता-येता रिक्षा त्याच्याच समोरून जायची. माझ्याबरोबरच्या मुली ड्युटी संपली की तिकडे पळायच्या, परत येऊन सरकत्या जिन्याच्या, वरच्या सिनेमाच्या, गार हवेच्या गोष्टी सांगायच्या. मला बोलवायच्या. मी काहीतरी कारण सांगून टाळायची. खरं कारण एवढंच होतं की त्या मॉलची फरशी माझ्या बाबांनी बसवली होती, आणि त्यांच्याआधी मला ती बघायची नव्हती.

आमचं घर मोलगीच्या पुढे, डोंगरात. माझ्या लहानपणापासून दिवाळी झाली की बाबा सुरतेला कामाला जायचे आणि होळीला परत यायचे. आधी ते रेती-सिमेंट वाहायचे. मग एका मिस्त्रीच्या हाताखाली फरशी बसवायला शिकले आणि हळूहळू स्वतःच मिस्त्री झाले. सुरतेत त्यांनी मोठमोठ्या इमारतींत काम केलं. पण काम संपलं की मागच्या फाटकातून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या साइटवर जायचं, अशीच रीत होती. उघडलेली, दिवे लागलेली, माणसांनी भरलेली अशी एकही इमारत त्यांनी आतून पाहिली नव्हती. कधी मी विचारलं तर म्हणायचे, तिथे आपलं आता काय काम.

मागच्या वर्षी पहिल्यांदाच काम जवळ आलं, नंदुरबारलाच. आठ महिने बाबा या मॉलवर होते. रविवारी माझ्या खोलीवर जेवायला यायचे तेव्हा फोनमधला एक फोटो दाखवायचे. तो कागदावरच्या नकाशाचा फोटो होता. तळमजल्याच्या मधोमध, चारी मजल्यांना उघडा असा एक चौक होता आणि त्या चौकात फरशीतच एक फूल काढायचं होतं. मधे काळ्या ग्रॅनाइटचा गोल, भोवती तांबड्या आणि पिवळसर दगडाच्या बत्तीस पाकळ्या. दोन कारागिरांनी कडेकडून सुरुवात करून पाहिली, पण मधे आल्यावर पाकळ्या जुळेनात. तेव्हा बाबा इंजिनिअरला म्हणाले होते की मधे एक खिळा ठोकू, त्याला दोरी बांधू आणि आतून बाहेर जाऊ. इंजिनिअरने मान डोलावली. ते फूल पूर्ण व्हायला बावीस दिवस लागले. एवढंच मला माहीत होतं. पूर्ण झालेल्या फुलाचा फोटो बाबांकडे नव्हता, कारण शेवटचा सांधा भरला त्याच दिवशी त्यावर प्लास्टिक आणि पोती अंथरली गेली आणि त्यांचं काम संपलं.

मॉल उघडल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "मधला चौक पाहिलास का?"

मी म्हटलं, "तू आलास की पाहीन." आमच्या बोलीत वडिलांनाही तूच म्हणतात.

ते हसले आणि विषय बदलला. मग मी आईला मधे घातलं. आईला होळीचा बाजार करायचाच होता. तो यंदा नंदुरबारला करू, असं तिने घरात जाहीर केलं आणि होळीच्या आधीच्या एका रविवारी पहाटेच्या जीपने दोघं अक्कलकुव्याला आणि तिथून एसटीने नंदुरबारला आले. मी स्टँडवर उभी होते. आईने लग्नकार्याला नेसायचं लुगडं नेसलं होतं आणि गळ्यात, हातात, पायांत होती नव्हती ती सगळी चांदी घातली होती. बाबांच्या अंगात पांढरा शर्ट होता, त्याच्या घडीच्या रेषा अजून दिसत होत्या.

रिक्षावाल्याने आम्हाला बघूनच विचारलं, "मॉलमा जानं शे का? बठा मंग. मन्ही माय तीनदा ई गयी." त्याची आई तीनदा जाऊन आली हे ऐकून माझ्या आईला एकदम धीर आला. रस्ताभर ती त्याला तिथलं काय काय विचारत राहिली, तिची भिली आणि त्याची अहिराणी, आणि तरी दोघांचं बरं जमलं. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीजवळून जाताना आम्ही तिघेही शिंकलो. बाबा मात्र गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून पुढे बघत होते.

दारातच पहिली गंमत झाली. आत जाताना एका चौकटीतून जावं लागतं, तिच्यातून आई गेली आणि चौकट पींऽ करून ओरडली. आई दचकून मागे आली, तेव्हा ती पुन्हा ओरडली. सुरक्षेची बाई हसली, हातातली पट्टी आईच्या अंगावरून फिरवली, चांदी बघून म्हणाली की मावशी, किती छान आहे, जा आत. आईने मला विचारलं की हे आपल्या चांदीमुळे वाजतं का. मी हो म्हटलं. तेव्हा ती सावकाश, ताठ मानेने, तिसऱ्यांदा त्या चौकटीतून गेली आणि ती वाजताच तिने खुशीत माझ्याकडे बघितलं.

आत गार हवा अंगावर आली. पॉपकॉर्नचा वास, नव्या कपड्यांचा वास, कुठूनतरी गाणं, आणि वर बघावं तर मजल्यावर मजले, काचेचे कठडे आणि कठड्यांवर वाकलेली माणसं. माझं मन असं उडायला लागलं की आईचा हात मी घट्ट धरला, तिला आधार म्हणून की मला, कोण जाणे. आम्ही दोघी वर बघत चाललो होतो. बाबा खाली बघत चालले होते. त्यांनी दारातच चपला काढून हातात घेतल्या होत्या. मी सांगितलं की इथे घालतात, तेव्हा त्यांनी त्या परत घातल्या, पण पाऊल हलकंच टाकत राहिले. मधेच थांबून ते एखादा सांधा दाखवायचे. ही ओळ पावसात बसवली. इथे कटर बंद पडला होता. इथे मी जेवायला बसायचो, हा खांब पाठीशी घेऊन.

असं करत आम्ही मधल्या चौकात आलो आणि बाबा थबकले.

चौकाच्या बरोबर मधे एक पांढरीशुभ्र नवी मोटारगाडी उभी होती. तिच्याखाली लाकडी चौथरा होता, चौथऱ्यावर लाल गालिचा, भोवती दोऱ्या. सोडतीत कुणाला तरी ती गाडी मिळणार होती आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. चौथऱ्याच्या कडेने तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांची नुसती टोकं बाहेर आली होती.

आई म्हणाली, "कुठे आहे तुझं फूल?"

बाबा म्हणाले, "खाली आहे. गाडीच्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोऱ्यांच्या बाहेरून त्यांनी एक पूर्ण फेरी मारली, वाकून पाकळ्यांची टोकं मोजली, बत्तीस भरली, आणि परत येऊन म्हणाले की ठीक आहे, बघितलं, आता आईला वर घेऊन जाऊ. पण माझा जीव राहीना. एवढ्या लांबून डोंगर उतरून आलेल्या माणसाला टोकं बघून परत पाठवायचं? मी चौकशीच्या टेबलावर गेले आणि तिथल्या मुलीला विचारलं की ती गाडी कधी हलते का. ती म्हणाली की रविवारी संध्याकाळी मुलांचे नाच असतात, त्यासाठी चार वाजता गाडी आणि चौथरा दोन्ही काढतात. घड्याळात दीड वाजला होता. मी जवळजवळ धावतच परत आले. अडीच तास आपल्याला काढायचे आहेत, असं सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा लपवूनही लपेना इतका उजळला.

वर जायला सरकता जिना होता. मला वाटलं होतं आई घाबरेल. बाबा तर बांबूच्या परांचीवर चढून आयुष्य काढलेला माणूस. पण झालं उलटंच. बाबा पहिल्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले आणि हलेचनात. मग म्हणाले की कामाच्या वेळी हा जिना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, बंद होता, आम्ही डोक्यावर फरश्या घेऊन साध्या जिन्यासारखे चढायचो. हा चालतो हे पायाला पटत नाही. मागे माणसं खोळंबली. आईने लुगडं एका हाताने थोडं उचललं, वाहत्या ओढ्यात दगडावर टाकावा तसा अंदाजाने एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि चालली वर. चढता चढता मागे वळून तिने बाबांना भिलीत सांगितलं, "पायाकडे बघू नको. माझ्याकडे बघ." बाबा तिच्याकडे बघत चढले. मी त्यांच्या मागे होते. पोटातून हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, काय होतंय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही एका कपड्यांच्या दुकानात शिरलो. आईला काही घ्यायचं नव्हतं, पण कपडे घालून बघायच्या खोलीत तीन बाजूंनी आरसे होते आणि ती तिथून बाहेरच येईना. मी डोकावले तर ती मान वळवून स्वतःची पाठ बघत होती. म्हणाली की एवढ्या वर्षांत माझा अंबाडा मागून कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं, थोडा डावीकडे जातो, तुम्ही कुणी सांगितलं नाही. तिने तिथेच तो सोडून सरळ बांधला. बाहेर उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलीने दोन्ही हातांनी खूण करून सांगितलं की आता बरोबर मधे आहे.

मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाबा शेजारी नाहीत.

ते पलीकडे लिफ्टजवळ खाली उकिडवे बसले होते आणि बोटाच्या सांध्याने फरशीवर टकटक करत होते. लोक बाजूने वळसा घालून जात होते. मी पोचायच्या आत एक गार्ड त्यांच्यापाशी आला. काय करताय, उठा, असं तो म्हणाला. उर्मटपणे नाही, पण मोठ्याने. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, कुठेही बाबांशी कुणी मोठ्याने बोललं की मी मधे पडते, आणि आताही मी काहीतरी बोलायला तोंड उघडलंच होतं. पण बाबा शांतपणे बसल्या जागेवरूनच मराठीत म्हणाले, "या तीन पोकळ आहेत. या मी बसवलेल्या नाहीत."

गार्डने वॉकीटॉकीवर कुणालातरी बोलावलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, तिशीतला एक मॅनेजर आला. त्याने बाबांना पोकळ म्हणजे काय ते विचारलं. बाबांनी त्याला खाली बसायला सांगितलं आणि तो खरंच बसला, इस्त्रीच्या पँटीत. बाबांनी खिशातलं एक नाणं काढून आधी बाजूच्या फरशीवर वाजवलं, मग त्या तीन फरश्यांवर. आवाज मलाही कळला. एक भरीव, घट्ट. दुसरा रिकाम्या डब्यासारखा. बाबा म्हणाले की खाली सिमेंटचा मसाला चारही कोपऱ्यांना पोचलेला नाही, घाईत बसवल्यात, जड गाडा गेला की कोपरा उडेल.

मॅनेजर म्हणाला, "मागच्या आठवड्यात उडाला. त्या बाजूला, अशाच एकीचा. आम्हाला कारण कळत नव्हतं." मग त्याने बाबांकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

बाबा म्हणाले, "मधलं फूल बसवलं तो."

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की मला क्रमाने आठवायला कष्ट पडतात. मॅनेजरने बाबांचा हात हातात घेतला. ते फूल इथे सगळ्यात जास्त फोटोत जातं, आणि ते कुणी केलं हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं तो दोन-दोनदा म्हणाला. मी त्याला सांगितलं की ते फूल बघायलाच आम्ही मोलगीहून आलोय आणि त्यावर गाडी उभी आहे. त्याने घड्याळ बघितलं. चारला काढायचीच आहे, अर्धा तास आधी काढू, असं म्हणून त्याने वॉकीटॉकीवर निरोप दिला. आणि आम्हाला म्हणाला की खाली नका थांबू, चौथ्या मजल्यावर चला, तिथून बघायचं असतं.

या वेळी सरकत्या जिन्यावर बाबाच पुढे होते. दोन जिने चढून सिनेमाच्या दारासमोर जो कठडा आहे, तिथे आम्हाला मॅनेजरने उभं केलं. मी खाली बघितलं आणि क्षणभर भोवंडल्यासारखं झालं. चार माणसं गाडी हळूहळू ढकलत होती. मग चौथऱ्याचे तुकडे सुटे करून नेले. मग गालिचा दोन्ही बाजूंनी गुंडाळत गेले, आणि तो जसा सरकत गेला तसं फूल उघडत गेलं. आधी एका बाजूच्या पाकळ्या, मग काळा गोल, मग दुसऱ्या बाजूच्या. एकाने ओल्या पोछ्याने वरून हात फिरवला आणि तांबडा दगड ओला होऊन असा रंगला की शेजारी उभी असलेली अनोळखी माणसंही कठड्यावर वाकली.

बाबा कठड्याला दोन्ही हातांनी धरून बघत राहिले. मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. ते हसत होते, तोंड थोडं उघडं ठेवून, मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मी हे वितभर अंतरावरूनच पाहिलं होतं. गुडघ्यावर बसून. बावीस दिवस. एका वेळी एक दगड. हे सगळं मिळून असं दिसतं, ते मला माहीत नव्हतं."

मग थोड्या वेळाने त्यांनी बोट दाखवलं. काळ्या गोलाच्या उजवीकडची तिसरी पाकळी जराशी बारीक आहे, असं ते म्हणाले. मला दिसेना. मॅनेजरलाही दिसेना. आईने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली की दिसते, पण तू सांगितलं नसतं तर दिसली नसती, आता कुणाला सांगू नकोस.

खाली मुलं जमायला लागली होती. नाचाचे चमकीचे कपडे घातलेली, काही तीन-चार वर्षांची. कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यातल्या एकीने एका पाकळीवर पाय ठेवला, मग दुसरीने शेजारच्या, आणि बघता बघता पाकळ्यांसाठी त्यांची ढकलाढकली सुरू झाली. गाणं लागलं. मधल्या काळ्या गोलावर एक लठ्ठ गोड मुलगा एकटाच गरगर फिरत होता आणि कुणाचं ऐकत नव्हता. आई टाळ्या वाजवत होती. मी फोन काढून फोटो घेतले, फुलाचे, मुलांचे, कठड्याला धरून उभ्या असलेल्या बाबांचे. त्यातला एक मॅनेजरने काढला, आम्ही तिघं आणि मागे खाली फूल. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. तरी तोच मी मोठा करून घेतला.

निघताना मॅनेजरने बाबांचा फोन नंबर घेतला आणि त्या तीन फरश्या बदलायला याल का, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले की होळी झाल्यावर येतो, होळीच्या आधी नाही. मग ते त्याला फरशी पुसायच्या पाण्यात काय घालू नये ते सांगत बसले, आणि तो ते फोनमध्ये लिहून घेत होता.

होळीचा बाजार राहूनच गेला होता. तो आम्ही बाहेर रस्त्यावरच्या दुकानांतून घाईघाईने केला आणि तोवर शेवटची एसटी निघून गेली. दोघं माझ्या खोलीवर राहिले. सकाळी आईने मला विचारलं की मॉल किती वाजता उघडतो. मी अकरा म्हटलं. त्यांची एसटी नऊची होती. आई म्हणाली की दुपारची पण एक असते ना. बाबांनी नको म्हटलं नाही. ते आधीच शर्टाची बटणं लावत होते.

त्या दिवशी मी रजा टाकली. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दारात उभे होतो, आणि चौकात गाडी अजून परत आणलेली नव्हती. बाबा या वेळी सरळ चालत फुलाच्या मधे गेले, काळ्या गोलावर उभे राहिले आणि मान वर करून चारी मजले बघितले. आई सरकत्या जिन्याने चार वेळा वर गेली आणि चार वेळा खाली आली. चौथ्या वेळी खाली उतरताना तिने कठडासुद्धा धरला नव्हता.

होळी झाली. बाबा येऊन त्या फरश्या बदलून गेले. परवा आईचा फोन आला. मोलगीच्या आठवडे बाजारात तिने सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, चौकटीचं, आरशांचं, जिन्याचं, आणि शेवटी फुलाचं. आता काकू, दोन्ही आत्या, त्यांच्या सुना आणि शेजारच्या पाड्यावरच्या बाया तयार झाल्या होत्या. जीप ठरवली होती.

"येत्या रविवारी आम्ही अकरा जणी येतोय," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना घेऊन. ते सगळ्यांना वरून दाखवणार आहेत. तू त्या मॅनेजरला सांगून ठेव, गाडी जरा लवकर काढायला."